नऊ दिवसांची राणी: लेडी जेन ग्रे खरंच ‘बिचारी’ होती का?

पानगळ

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पॉल डेलारोश या फ्रेंच चित्रकाराचं १८३३ सालचं एक चित्र आहे. जवळपास तीन मीटर रुंद. पांढऱ्याशुभ्र साटिनच्या झग्यातली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली कोवळी पोर हात पुढे करून चाचपडतेय. एक वयस्कर गृहस्थ तिला सांभाळून पुढे नेतोय, बाजूला दासी रडून अर्धमेल्या झाल्यात आणि कुऱ्हाडवालासुद्धा ओशाळल्यासारखा उभा आहे. खाली पेंढा पसरलाय, रक्त टिपायला. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतं, आणि तोंडातून ‘बिचारी!’ निघतं.

डेलारोशने दाखवलेली ती अंधारी दगडी खोली झूठ आहे. शिरच्छेद टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या आवारात, उघड्यावर झाला. पांढरा झगाही झूठ, तिच्या अंगावर काळा पोशाख होता. पट्टी आणि चाचपडणं मात्र खरं, त्याकडे नंतर येते. मला या धाग्यात भांडायचंय ते ‘बिचारी’शी.

आधी नातं समजून घेऊ, म्हणजे पुढचा गुंता सुटेल. आठव्या हेन्रीची धाकटी बहीण मेरी. तिची मुलगी फ्रान्सिस. फ्रान्सिसची थोरली लेक जेन. म्हणजे आपल्या हिशोबाने हेन्रीचा मुलगा राजा एडवर्ड हा जेनचा मामा, जरी दोघं साधारण एकाच वयाची असली तरी. आणि पुढे जिने तिचं डोकं उडवायचा हुकूम काढला ती राणी मेरी ही तिची मावशी! (या घराण्यात मेऱ्यांचा सुळसुळाट आहे, वाचताना सांभाळा.)

१५५३ च्या सुरुवातीला पंधरा वर्षांचा एडवर्ड आजारी पडला तो पडलाच. हेन्रीचं मृत्युपत्र आणि पार्लमेंटचा कायदा, दोन्हींनुसार एडवर्डनंतर गादी त्याच्या सावत्र बहिणींना, आधी मेरीला, मग एलिझाबेथला. पण मेरी कट्टर कॅथलिक आणि एडवर्ड तितकाच कट्टर प्रोटेस्टंट. त्याने वारसांचा एक आराखडा स्वतःच्या हाताने लिहिला. तो कागद आजही लंडनच्या इनर टेम्पलच्या ग्रंथालयात आहे. त्यात दोन्ही बहिणींना त्याने बाजूला सारलं. पहिल्या मसुद्यात गादी जेनला नव्हतीच, ‘लेडी जेनच्या मुलग्यांना’ होती. पण एडवर्डचे दिवस भरत आले आणि मुलग्यांचा पत्ता नाही. तेव्हा त्या ओळीत थोडी खाडाखोड करून, वर दोन बारीक शब्द घुसवून ती ‘लेडी जेनला आणि तिच्या मुलग्यांना’ अशी केली गेली. एक मुलगी राणी झाली ती दोन शब्दांनी.

त्या वेळी खरी सत्ता ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड, जॉन डडली याच्या हातात होती. त्याच मे महिन्यात त्याच्या गिल्डफर्ड या मुलाशी जेनचं लग्न लागलं होतं. यातलं डडलीचं किती आणि एडवर्डचं किती, हा वाद चालूच असतो. माझं मत, पोरगा वाटतो त्याहून हट्टी होता. धर्माच्या बाबतीत तर फारच.

६ जुलैला एडवर्ड गेला. बातमी दाबून ठेवली. ९ तारखेला जेनला थेम्सकाठच्या सायन हाउसला नेलं आणि सगळे सरदार तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. ती कोसळली, रडली, हा मुकुट माझा नाही म्हणाली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. तिने देवाची प्रार्थना केली, की हे खरोखर माझंच असेल तर राज्य नीट चालवायचं बळ दे. आणि मग ती राणी झाली. दुसऱ्या दिवशी टॉवरमध्ये दाखल होऊन कागदांवर सह्या करू लागली: ‘जेन, राणी’. मेरीविरुद्ध फौजा गोळा करा म्हणून सरदारांना पत्रं गेली ती याच सहीने. पुढे खटल्यात हीच सही तिच्या गळ्याशी आली.

आणि नवरा? ट्रेझरर विंचेस्टर तिच्या डोक्यावर बसतो का ते बघायला मुकुट घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमच्या यजमानांसाठीही एक करवून घेऊ. तिथे बाईसाहेबांचं टाळकं सटकलं. गिल्डफर्डला ड्यूक करीन, राजा करणार नाही, पार्लमेंटने सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, सासरा देशातला सर्वांत ताकदवान माणूस, लग्नाला दोन महिनेही झालेले नाहीत. बिचारी म्हणायचं तिला?

१९ जुलैला सगळा डोलारा कोसळला. पुढचं प्रतिसादांत बोलूच.

---

मृदगंधा

सुंदर लेख! पण ‘बिचारी’ इतक्या सहज सोडवत नाही. तिच्या आईवडिलांनी तिचा केवढा छळ केला! रॉजर अ‍ॅस्कम नावाचा विद्वान त्यांच्या घरी गेला तेव्हा सगळे शिकारीला गेलेले आणि ही एकटी खोलीत प्लेटोचं ‘फीडो’ वाचत बसलेली, तेही ग्रीकमध्ये. बाहेर का गेली नाहीस विचारल्यावर म्हणाली, आईबापांसमोर बोलणं, बसणं, शिवणं, नाचणं, काहीही केलं तरी चिमटे आणि फटके बसतात. मास्तर मात्र प्रेमाने शिकवतात, म्हणून पुस्तकातच सुख आहे. वाचून अंगावर काटा आला होता.

---

पानगळ

मृदगंधा, ती भेट १५५० ची, तेव्हा जेन तेराच्या आसपास. पण छळाची कहाणी अ‍ॅस्कमने लिहिली ती कितीतरी वर्षांनी, ‘द स्कूलमास्टर’ या पुस्तकात, आणि पुस्तक छापलं गेलं ते १५७० मध्ये, तो वारल्यावर. पुस्तकाचा विषय काय? मुलांना छडीने नव्हे, मायेने शिकवा. जेन त्याच्या मुद्द्यात अगदी फिट्ट बसते. भेटीच्या सुमारास त्याने लिहिलेल्या पत्रांत प्लेटोचं कौतुक आहे, चिमट्यांचा उल्लेख नाही.

त्या काळात पोरांना मार बसतच असे, तेव्हा जेनने तक्रार केली नसेलच असं मी म्हणत नाही. पण एवढ्या एका उताऱ्यावर फ्रान्सिसला कैकयी करून टाकणं मला पटत नाही. आणि मुलगी ग्रीक-लॅटिन शिकली, झुरिकच्या बुलिंगरसारख्या धर्मपंडिताशी लॅटिनमध्ये पत्रव्यवहार करत होती, त्यासाठी जॉन एल्मरसारखा शिक्षक कुणी ठेवला होता? याच आईबापांनी ना!

---

शंकासुर

बाळबोध प्रश्न. राज्याभिषेक झाला नाही, तर राणी कसली?

---

पानगळ

इंग्लंडात आधीचा राजा गेला की पुढचा त्याच क्षणी राजा, अभिषेक नंतर सावकाश. पाचव्या एडवर्डलाही अभिषेक कुठे झाला होता? तरी यादीत आहेच ना. जेनची तशी द्वाही फिरली होती. ‘नऊ दिवस’ हे १० ते १९ जुलैचे. एडवर्डच्या मृत्यूपासून मोजले तर तेरा भरतात. पण ‘तेरा दिवसांची राणी’ म्हटलं की आपल्याकडे भलतंच वाटतं. 😐

---

वकीलसाहेब

कायद्याच्या बाजूने थोडं. वारसाहक्क पार्लमेंटच्या कायद्याने ठरलेला, आणि तो बदलू पाहणं हाच राजद्रोह. एडवर्ड अज्ञान, त्याचं मृत्युपत्र कुठल्या जोरावर कायद्याला डावलणार? सरन्यायाधीश माँटेग्यू यांनी हीच अडचण सांगितली तर त्यांना दरडावण्यात आलं. शेवटी त्यांनी सही केली. जेम्स हेल्स या न्यायमूर्तींनी केली नाही. आर्चबिशप क्रॅनमर सगळ्यात शेवटी, कुरकुरत राजी झाले.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. मेरी आणि एलिझाबेथ दोघींनाही कायद्याने अनौरस ठरवलेलं होतं. हेन्रीने त्यांना वारसांच्या रांगेत परत आणलं, पण अनौरसपणाचा शिक्का पुसलाच नाही! एडवर्डने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पार्लमेंट सप्टेंबरमध्ये बोलावलेलं होतं. पोरगा दोन-तीन महिने जगता तर सगळं रीतसर मंजूर झालं असतं आणि आज आपण राणी जेनच्या कारकिर्दीवर कंटाळवाणे निबंध लिहीत बसलो असतो.

---

टोमणेबहाद्दर

सासूचं काय झालं ते नाही सांगितलं धागाकर्तीने. 🍿

---

पानगळ

सांगते ना. हे खुद्द जेनने नंतर मेरीला लिहिलेल्या कबुलीपत्रात आहे. पत्राची इंग्रजी प्रत हाताशी नाही, इटालियन लेखकांनी जपलेल्या आवृत्त्यांतून ते कळतं, त्यामुळे शब्दाशब्दाची खात्री देता येत नाही. तर गिल्डफर्डला राजा करणार नाही म्हटल्यावर सासूबाई भडकल्या. लेकाला म्हणाल्या, हिच्याजवळ झोपायचं नाही, चल घरी सायनला. गिल्डफर्ड निघालाही! मग जेनने दोन सरदार पाठवून त्याला जाऊ दिलं नाही. नवऱ्याने राणीच्या शेजारी दिसायला हवं, एवढी समज तिला होती. बायको म्हणून अडवलं की राणी म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं.

---

टोमणेबहाद्दर

हुकूम काढून नवरा घरी थांबवून घेतला. अनेकींना उपयोगी माहिती.

---

लेस्टरवासी

मी इथे लेस्टरमध्ये बरीच वर्षं आहे. जेनचं माहेर, ब्रॅडगेट, शहरापासून जवळ आहे. आता मोठं पार्क झालंय, वाड्याचे लाल विटांचे अवशेष उभे आहेत, हरणं मोकळी फिरतात. रविवारी डबे घेऊन जाणारी आपली मंडळीही दिसतात. तिथल्या जुन्या ओक वृक्षांचे शेंडे छाटलेले आहेत. जेनचं शिर उडवल्यावर राखणदारांनी शोक म्हणून झाडांचीही डोकी उडवली, असं सांगतात. दंतकथा असणार, कारण लाकूडफाट्यासाठी झाडं अशी छाटायची इथे पद्धतच होती. पण पोरांना सांगितली की ती प्रत्येक झाडापाशी थांबतात.

जेनचा जन्म ब्रॅडगेटला १५३७ च्या ऑक्टोबरात, असं इकडे सगळीकडे छापलेलं असतं. हल्लीचे अभ्यासक मात्र तो आणखी मागे, कदाचित १५३६ मध्ये, आणि बहुधा लंडनला नेतात.

---

उंबरठा

मला या सगळ्यात जेनपेक्षा लंडनच्या साध्या लोकांची गंमत वाटते. १० जुलैला जेनच्या नावाची द्वाही फिरली तेव्हा गर्दी गप्प होती. दारूच्या गुत्त्यावर काम करणारा गिल्बर्ट पॉटर नावाचा एक पोरगा तेवढा बोलला, की खरा हक्क मेरीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कान चीपसाइडला खांबाला खिळे मारून ठोकले आणि मग कापले. शिंगवाला शिंग फुंकतोय, शिक्षा वाचून दाखवतायत, असं सगळं साग्रसंगीत. जेनच्या ‘निष्पाप’ नऊ दिवसांच्या राज्यातली ही गोष्ट. हुकूम तिने दिला नसेल, पण तिच्या नावाने दिला गेला.

आणि त्याच चीपसाइडला १९ तारखेला मेरीची द्वाही फिरली तेव्हा लोकांनी टोप्या हवेत उडवल्या, घंटा वाजवल्या, रस्त्यात शेकोट्या पेटवून रात्रभर खाणंपिणं चाललं.

---

शंकासुर

मेरी एवढी अचानक जिंकली कशी? फौज तर डडलीकडे होती ना?

---

उंबरठा

मेरीने एडवर्ड जायच्या आतच वारा ओळखला होता. ती नॉरफोकला केनिंगहॉलला निसटली, तिथून सफोकमधल्या फ्रॅमलिंगहॅमच्या भक्कम किल्ल्यात. आसपासचे जमीनदार आणि कुळं तिच्याकडे येत गेली. यार्मथजवळच्या राजाच्या जहाजांवरचे खलाशी फिरले, त्याबरोबर तोफा आणि दारूगोळाही गेला. डडली १४ तारखेला लंडन सोडून तिच्यावर चालून गेला आणि मागे राहिलेल्या कौन्सिलने, म्हणजे राज्याच्या सल्लागार मंडळाने, त्याची पाठ वळताच कुंपण ओलांडलं. शेवटी केंब्रिजला स्वतः डडलीनेच टोपी उडवून मेरीचा जयजयकार केला. डोकं काही वाचलं नाही, २२ ऑगस्टला गेलं. त्याआधी तो कॅथलिकही झाला.

जेनच्या बापाने तर टॉवर हिलवर जाऊन स्वतःच्या तोंडाने मेरीला राणी जाहीर केलं आणि घरी गेला. लेक राहिली आत. तीच टॉवर, फक्त महालाऐवजी पहारेकऱ्याच्या घरात.

---

मृदगंधा

आणि तरी म्हणायचं बिचारी नव्हती!

---

पानगळ

😀 बापाच्या बाबतीत तुमचं ऐकते. पण सासरा धर्म बदलून मेला हे कळल्यावर ती काय म्हणाली बघा. ऑगस्टच्या शेवटी पार्ट्रिज नावाच्या त्या पहारेकऱ्याकडे ती जेवायला बसली होती आणि पंक्तीला आलेल्या एकाने तिचं बोलणं लिहून ठेवलंय. डडलीचा उद्धार करून ती म्हणते, त्याने मला आणि माझ्या कुळाला धुळीला मिळवलं. आयुष्य काढलेला माणूस चार दिवस अजून मिळावेत म्हणून धर्म सोडतो, मग मी एवढी तरुण, मी सोडावा का? देव न करो.

तिच्या बापाचा जुना पुरोहित हार्डिंग पुन्हा कॅथलिक झाला, तेव्हा तिने त्याला जे पत्र लिहिलं ते तर वाचवत नाही. ‘सैतानाचं वेडंविद्रं पिल्लू’ ही त्यातली सौम्य शिवी. ही मुलगी मवाळ नव्हती हो. गादीवर टिकली असती तर कॅथलिकांचे काय हाल झाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

---

वकीलसाहेब

१३ नोव्हेंबर १५५३ ला गिल्डहॉलमध्ये खटला झाला. सोबत गिल्डफर्ड, त्याचे दोन भाऊ आणि क्रॅनमर. टॉवरपासून चालत नेलं. काळा पोशाख, कमरेशी काळ्या मखमलीत बांधलेलं छोटं पुस्तक, दुसरं पुस्तक हातात उघडं. गुन्हा कबूल. शिक्षा राणीच्या मर्जीनुसार जिवंत जाळणे किंवा शिरच्छेद. पण मेरीला तिला मारायचं नव्हतं, हे सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजदूत रेनार्ड याच्या तक्रारींवरूनच दिसतं. तो सारखा मागे लागलेला, या मुलीला जिवंत ठेवणं धोक्याचं आहे म्हणून.

---

मेरीभक्त

धन्यवाद वकीलसाहेब, कुणीतरी मेरीबद्दल दोन शब्द बरे बोललं. ‘ब्लडी मेरी’ म्हणून हिणवतात, पण इथे ती सहा महिने रेनार्डला ऐकत नव्हती. गादी हडपणाऱ्यांपैकी डडलीसकट फक्त तिघांची डोकी उडाली. जेनचा बाप तर चार दिवसांत सुटला! मग त्याने काय केलं? जानेवारी १५५४ मध्ये, मेरी स्पेनच्या फिलिपशी लग्न करणार म्हणून केंटमधून टॉमस वायटने बंड केलं, त्यात हे महाशय सामील. लेक टॉवरमध्ये ओलीस असताना! वायट लंडनच्या वेशीत पोचला, ७ फेब्रुवारीला पकडला गेला आणि जेनचं मरण पक्कं झालं. तिला तिच्या सख्ख्या बापाने मारलं, मेरीने नव्हे.

---

मृदगंधा

सही मेरीचीच होती ना?

---

मेरीभक्त

होती. पण मरणाआधी तिने फेकनम नावाच्या आपल्या पुरोहिताला जेनकडे पाठवलं, ही कॅथलिक होते का बघा म्हणून. त्याच्यासाठी तीन दिवस शिक्षा पुढे ढकलली.

---

पानगळ

आणि जेनने त्याच्याशी मुद्देसूद वाद घातला. किती संस्कार खरे, प्रसादातली भाकरी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर का, वगैरे. फेकनम हरला नाही, जिंकलाही नाही, पण शेवटच्या सकाळी तिच्यासोबत वधस्तंभापर्यंत तोच चालत गेला.

१२ फेब्रुवारी. आधी गिल्डफर्डला टॉवर हिलवर नेलं. त्याचं धड गाडीत आणि डोकं कापडात गुंडाळून परत आणलं ते तिच्या नजरेसमोरून गेलं. मग तिची पाळी. भाषणात ती म्हणाली, राणीविरुद्धचं ते कृत्य बेकायदा होतं आणि त्याला मी संमती दिली, पण ते मी मिळवू पाहिलं नव्हतं, हाव धरली नव्हती, तेवढ्यापुरते मी हात धुते. शब्द किती मोजून वापरलेत बघा. गुन्हा कबूल, हेतू नाकबूल. मग ५१ वं स्तोत्र इंग्रजीत म्हटलं. मारेकऱ्याला म्हणाली, लवकर आटप. आणि मी खाली टेकायच्या आत मारणार नाहीस ना? नाही मॅडम, म्हणाला. डोळ्यांवर पट्टी स्वतः बांधली आणि मग ठोकळा सापडेना. ‘आता काय करू? कुठे आहे तो?’ जवळच्या कुणीतरी हात धरून पोचवलं.

मृदगंधा, त्या चाचपडण्यापुरतं तुमचं ‘बिचारी’ मला मान्य. तेवढ्यापुरतंच.

---

लेस्टरवासी

तिचं छोटं प्रार्थनेचं पुस्तक ब्रिटिश लायब्ररीत आहे, हाताच्या पंज्यात मावेल एवढं. त्याच्या समासात तिने शेवटच्या दिवसांत बापाला आणि टॉवरच्या लेफ्टनंटला निरोप लिहिलेत. त्या बापाला, ज्याच्यामुळे हे झालं! त्याचंही डोकं २३ फेब्रुवारीला गेलं.

---

शंकासुर

जेन दिसायला कशी होती? गूगलवर दहा वेगवेगळे चेहरे येतात.

---

पानगळ

खात्रीने तिचं म्हणता येईल असं एकही चित्र उपलब्ध नाही. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २००६ मध्ये घेतलेलं एक आहे, पण तेही तिच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी काढलेलं. बुटकी, तांबूस केसांची, चेहऱ्यावर वांग, उंच दिसावं म्हणून उंच तळाचे जोडे घातलेली, असं वर्णन इंटरनेटवर फिरतं. एका जिनोआच्या व्यापाऱ्याने तिला टॉवरमध्ये शिरताना पाहून लिहिलेलं पत्र म्हणे. ते १९०९ च्या एका चरित्राआधी कुठेच सापडत नाही. लेखकाने रचून टाकलंय, असं आता मानतात. फॉरवर्ड करू नका.

---

टोमणेबहाद्दर

म्हणजे तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ होतंच.

---

उंबरठा

पानगळ, जेनच्या दोन्ही बहिणींवर लिहाच आता. कॅथरीनने १५६० मध्ये एलिझाबेथला न विचारता चोरून लग्न केलं आणि दोन पोरं झाली, दोन्ही टॉवरमध्ये. दुसरं पोर तर नवराबायकोला वेगळं ठेवलेलं असताना! पहारेकऱ्यांना लाच चारली होती. धाकटी मेरी अगदी ठेंगणी, तिने राजवाड्याच्या दरवाजावरच्या धिप्पाड अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न लावलं, आणि दोघांनाही कैद झाली.

---

पानगळ

घेते लिहायला. पण आधी पहारेकऱ्यांना लाच कशी पोचवली ते शोधते, टोमणेबहाद्दर विचारल्याशिवाय राहणार नाहीत.